अमेरिकेत गांजा पिकवणाऱ्या खेड्यांनीच गांजा कायदेशीर करायला विरोध केला, हे खरं आहे का? तिथे गावपातळीवर हा प्रचार कसा चालतो?

हो, खरं आहे. नोव्हेंबर २०१०मध्ये कॅलिफोर्नियात प्रपोझिशन १९, म्हणजे लोकांनी थेट मत द्यायचा कायद्याचा प्रस्ताव, मतदानाला आलं. प्रौढांना गांजा बाळगायची मुभा द्यावी, अशी ती मागणी होती. राज्यभरात साडेत्रेपन्न टक्के लोकांनी ती नाकारली. हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या ज्या तीन काउंट्यांचं अर्धं अर्थकारण गांजावर उभं होतं, तिथेही बहुमत विरोधातच गेलं. मी २००६पासून हम्बोल्टच्या दक्षिण भागात राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो आणि इथलेच झालो. त्यामुळे हे जवळून पाहिलं आहे, आणि गेली काही वर्षं छोट्या गांजा शेतकऱ्यांचे हिशेब लिहिणं हाच माझा व्यवसाय आहे.

माझं माहेर लासलगावजवळचं. वडील कांदा करायचे. हे आधीच सांगते, कारण इथलं राजकारण मला कांद्यामुळे समजलं, गांजामुळे नाही.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पाच सुपरवायझर निवडून येतात आणि रस्ते, जमिनीचा वापर, बांधकामाचे परवाने असं सगळं त्यांच्या हातात असतं. हम्बोल्ट म्हणजे रेडवूडची प्रचंड झाडं, डोंगर, ईल आणि मॅटोल नद्या, आणि कच्च्या रस्त्यांच्या टोकाला विखुरलेली घरं. लाकडाचा धंदा बसत गेला, तेव्हा जंगल तोडून रिकाम्या झालेल्या जमिनी स्वस्तात निघाल्या. १९७०च्या आसपास शहरं सोडून आलेल्या तरुण जोडप्यांनी त्या घेतल्या. घरापुरता लावलेला गांजा पुढे त्यांचं नगदी पीक झाला. १९८३पासून दर उन्हाळ्यात सरकारी हेलिकॉप्टरं यायची, झाडं उपटून न्यायची. १९९०मध्ये तर किंग रेंजच्या डोंगरात चक्क लष्कराचे जवान उतरवले होते. रेडवे गावातलं केएमयूडी हे लोकांनी चालवलेलं रेडिओ केंद्र पोलिसांच्या गाड्या कुठल्या रस्त्याला लागल्या आहेत ते सांगायचं. गावकऱ्यांना एकत्र यायची, सभा भरवायची, वर्गणी काढायची सवय लागली ती त्या काळात. प्रचाराचं सगळं तंत्र तिथूनच आलं.

मग विरोध का? कारण भाव. पीक बेकायदा होतं म्हणून त्याला भाव होता. डोंगरात राहणारं कुटुंब घराच्या मागच्या छोट्याशा तुकड्यावर वर्ष काढू शकत होतं, कारण मोठ्या भांडवलवाल्याला तुरुंगाची भीती होती. ती भीती गेली की सपाट जमीन, स्वस्त पाणी आणि मोठी हरितगृहं असलेला माणूस दहापट माल काढणार, हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. मार्च २०१०मध्ये रेडवेच्या मटील कम्युनिटी सेंटरमध्ये ‘गांजानंतर काय?’ या विषयावर सभा झाली. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. इतकी वर्षं ज्या विषयावर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, त्यावर शेतकरी, दुकानदार, काउंटीचे अधिकारी एका छताखाली बोलत होते. त्याच जुलैत ओकलंड शहराने चार प्रचंड बंदिस्त गांजा कारखान्यांना परवाने द्यायचं ठरवलं आणि इथली धास्ती पक्की झाली. ‘हम्बोल्ट वाचवा, गांजा बेकायदाच राहू द्या’ अशा अर्थाचे स्टिकर गाड्यांवर दिसायचे. बाहेरचे लोक त्याला हसले. मला हसू आलं नाही. बाजार समितीत ट्रॉली उभी करून लिलावाची वाट पाहणारे माझे वडील मला तेव्हा आठवत होते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण खरी गंमत त्यात आहे. राज्याचा कायदा हा अर्धाच कायदा असतो. नोव्हेंबर २०१६मध्ये प्रपोझिशन ६४ सत्तावन्न टक्क्यांनी मंजूर झालं. या वेळी हम्बोल्टनेही होकार दिला. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं की गांजाची शेती आणि दुकानं आपल्या हद्दीत चालू द्यायची की नाही, हे प्रत्येक काउंटीने आणि शहराने ठरवावं. आपल्याकडच्या वाचकाला हे चटकन समजेल. महाराष्ट्रात गावातल्या २५ टक्के बायकांनी सह्या दिल्या की दारूच्या दुकानावर मतदान घेता येतं आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. तसंच हे. कायदा सगळीकडे एकच, पण दार उघडं ठेवायचं की बंद, ते गाव ठरवणार. म्हणून खेड्यांतला प्रचार राज्याच्या मतदानाआधीही चालू होता आणि ते संपल्यावरही चालूच राहिला.

हा प्रचार दिसतो कसा? सुपरवायझरांची बैठक मंगळवारी युरेका या काउंटीच्या मुख्य गावात, कोर्ट हाउसमध्ये असते. आमच्या भागातून गाडीने तासाभराहून जास्त. तिथे कुणीही उभं राहून तीन मिनिटं बोलू शकतं. एका माणसाचं बोलणं कुणाला आठवत नाही. चाळीस माणसं एकापाठोपाठ एक उभी राहिली तर आठवतं. म्हणून एका घरातून एक माणूस तरी गेलाच पाहिजे, अशी वाटणी व्हायची. कोण कुणाला गाडीत घेऊन जाणार, मुलं कोण सांभाळणार, याचे फोन आदल्या रात्री चालायचे. काय बोलायचं ते कागदावर लिहून, घड्याळ लावून स्वयंपाकघरात म्हणून बघायचे. माझ्या शेजारच्या आजी सत्तरीच्या. त्यांनी पहिल्यांदा माइकसमोर स्वतःचं नाव सांगून ‘मी गांजा पिकवते’ म्हटलं, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. तीस वर्षं लपवलेली गोष्ट होती ती.

या मेहनतीचं फळही मिळालं. शेतकऱ्यांच्याच एका गटाने २०१४-१५मध्ये जमीनवापराच्या नियमांचा मसुदा लिहायला घेतला होता. पुढे तो विषय काउंटीने हाती घेतला आणि जानेवारी २०१६मध्ये व्यावसायिक लागवडीचे नियम केले. त्याच वेळी राज्यातली कित्येक शहरं आणि काउंट्या घाईघाईने बंदी घालत होत्या. औषधी गांजासाठी राज्याने २०१५मध्ये केलेल्या कायद्यात चुकून १ मार्च २०१६ ही मुदत पडली होती आणि तोवर नियम केले नाहीत तर अधिकार राज्याकडे जातील, अशी भीती होती. पुढे ती चूक दुरुस्त झाली, बंद्या मात्र बऱ्याच ठिकाणी तशाच राहिल्या.

मी स्वतः तोवर या सगळ्यापासून चार हात लांब होते. याचं कारण इथल्या मराठी मंडळींनी नीट वाचावं. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तो तसा नाही, आणि परदेशी नागरिकाचं सगळं केंद्राच्या हातात असतं. २०१९मध्ये तर नागरिकत्व देणाऱ्या खात्याने लेखी स्पष्ट केलं की परवानाधारक गांजा उद्योगात नुसती नोकरी केली तरी नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो. मी २०१५मध्ये नागरिक झाले आणि त्यानंतरच पहिली वही उघडली. ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असाल तर या धंद्यात हिशेबनीस म्हणूनसुद्धा पाऊल टाकू नका.

वही उघडली आणि पुढचं सगळं आकड्यांत दिसत गेलं. प्रपोझिशन ६४च्या प्रचारात छोट्या शेतकऱ्यांना सांगितलं होतं की मोठ्या शेतांचे परवाने २०२३पर्यंत दिले जाणार नाहीत, तोवर तुम्ही पाय रोवा. आमच्याकडच्या कित्येकांनी त्या एका वाक्यावर होकाराचं मत दिलं. नोव्हेंबर २०१७मध्ये राज्याचे नियम आले, त्यात एकाने किती छोटे परवाने घ्यावेत यावर मर्यादाच नव्हती. म्हणजे छोट्या परवान्यांची चळत लावली की मोठं शेत तयार. सांता बार्बरासारख्या भागात तसंच झालं. जानेवारी २०१८मध्ये गांजा शेतकऱ्यांची संघटना याविरुद्ध कोर्टात गेली, पण नियम बदलला नाही. या एका गोष्टीचा राग मला आजही येतो. विश्वास ठेवून मत देणाऱ्यांची ती फसवणूक होती.

त्यात कर. राज्याचा लागवड कर २०१८च्या सुरुवातीपासून औंसाला सव्वानऊ डॉलर, म्हणजे पौंडाला १४८. भाव हजार डॉलर असताना तो जाणवत नव्हता. २०२१मध्ये माल इतका झाला की आमच्या वह्यांत पौंडाला तीनशे-चारशे डॉलर दिसायला लागले. कर तेवढाच, उलट वाढलेला. शिवाय काउंटीचा कर चौरस फुटावर, म्हणजे माल विकला गेला न गेला तरी भरायचा. बँका खाती उघडायला तयार नव्हत्या, तेव्हा लोक नोटांच्या पिशव्या घेऊन कर भरायला जायचे. कांद्याचा भाव पडला की वडील कांदा रस्त्यावर ओतायचे. इथे तेही करता येत नव्हतं, कारण प्रत्येक झाडाची नोंद सरकारकडे.

मग पुन्हा मंगळवारच्या बैठका. पुन्हा तीन-तीन मिनिटं. २०२२मध्ये काउंटीने आपला कर ८५ टक्क्यांनी कमी केला आणि त्याच वर्षी १ जुलैपासून राज्याने लागवड कर रद्द केला. शेतकऱ्यांची संघटित ताकद काय करू शकते ते मी तेव्हा पाहिलं. मात्र तोवर माझ्याकडच्या वह्यांपैकी बऱ्याच बंद झाल्या होत्या.

सगळीकडे असंच झालं असं समजू नका. कॅलव्हेरस काउंटीत २०१५च्या वणव्यात सत्तर हजार एकरांहून जास्त क्षेत्र जळालं, जमिनी स्वस्त झाल्या आणि गांजा लावणारे बाहेरून आले. काउंटीने प्रत्येकी पाच हजार डॉलर शुल्क घेऊन नोंदणी केली, गांजावर करही बसवला. मग निवडणुकीत सुपरवायझर बदलले आणि जानेवारी २०१८मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी बंदी आली. ज्यांनी पैसे भरून कागद रंगवले, तेच बेकायदा ठरले. २०१९मध्ये पुन्हा परवानगी दिली. एका सुपरवायझरच्या मतावर शेकडो संसार वरखाली झाले. उलट कोलोरॅडोतल्या प्वेब्लो काउंटीत २०१६मध्ये बंदीचा प्रस्ताव मतदानाला आला आणि लोकांनी तो मोठ्या फरकाने फेटाळला. तिथे गांजाच्या कराचा पैसा स्थानिक मुलांच्या कॉलेज शिष्यवृत्त्यांकडे वळवला होता. आपल्या मुलाची फी कशातून येते, हे घरोघर माहीत असलं की प्रचार सोपा जातो.

आणि विरोध करणारे सगळे सनातनी असतात, हेही खरं नाही. शेजारच्या मेंडोसिनोत २०२१मध्ये सुपरवायझरांनी मोठ्या जमिनीवर लागवड वाढवू देणारा नियम केला. त्याविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्यांत पर्यावरणवाले होते, आणि छोटे गांजा शेतकरीही होते. सह्या पुरेशा झाल्या आणि सुपरवायझरांनी तो नियम मागे घेतला.

सह्यांचं हत्यार दोन्ही बाजूंना चालतं. ५ मार्च २०२४ला हम्बोल्टमध्ये मेझर ए, म्हणजे काउंटीपुरता प्रस्ताव, मतदानाला आलं. डोंगरात राहणाऱ्या काही रहिवाशांनी सह्या गोळा करून ते आणलं होतं. ओढ्यांचं पाणी आटतं, रात्रभर जनरेटर चालतात, अरुंद रस्त्यांवरून टँकर धावतात, या त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. नव्या शेतांना दहा हजार चौरस फुटांची मर्यादा असावी, असं त्यात होतं. ऐकायला ते छोट्या शेतकऱ्याच्याच बाजूचं. शेजारच्या आजींनी किराणा दुकानाबाहेर टेबल लावून बसलेल्या मुलीला आनंदाने सही दिली होती. मग एका संध्याकाळी आम्ही दोघी पूर्ण मजकूर घेऊन बसलो. त्यातली ‘विस्तार’ या शब्दाची व्याख्या इतकी सैल होती की पावसाचं पाणी साठवायला टाकी वाढवली किंवा सौरपट्ट्या बसवल्या तरी तो विस्तार ठरू शकला असता. म्हणजे ओढा वाचवायला जे करायचं तेच अडलं असतं. दुसरी अडचण अशी की मतदानाने झालेला नियम सुपरवायझरांना सहज बदलता येत नाही. त्यासाठी पुन्हा मतदान लागतं.

आजी बराच वेळ गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या मजकुराच्या प्रती काढून आणल्या, ‘विस्तार’ची ओळ प्रत्येक प्रतीवर पिवळ्या पेनाने रंगवली आणि आम्ही निघालो. फेब्रुवारीचा पाऊस, कच्चे रस्ते, फाटकाला कुलूप असेल तर हॉर्न वाजवून थांबायचं. जवळपास प्रत्येक घरी चहा-कॉफी झाली. भाषण कुणालाच दिलं नाही. ती ओळ दाखवायची आणि ‘तुझी टाकी किती गॅलनची?’ एवढंच आजी विचारायच्या. गांजा शेतकऱ्यांच्या संघटनेचे लोक इतर भागांत फिरत होतेच, आणि पाचही सुपरवायझर विरोधात होते. निकालात सुमारे तीन-चतुर्थांश मतं मेझर एच्या विरोधात गेली.

आजींनी त्या वर्षी परवाना नूतन केला नाही. भाव परवडत नव्हता. आता त्या तुकड्यावर बटाटे आणि लसूण आहे. टाकी मात्र त्यांनी बसवली, उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी घ्यावं लागू नये म्हणून, आणि तिचा हप्ता अजून माझ्या वहीत दर महिन्याला पडतो.