वेरूळचे कैलास मंदिर परग्रहवासीयांनी कोरले, असे टीव्हीवरच्या माहितीपटात दाखवतात. त्यात तथ्य आहे का?

नाही. या कार्यक्रमांची युक्ती ठरलेली: आधी गूढ संगीत, मग "हे माणसाला शक्य होते का?" असा प्रश्न, आणि उत्तर यायच्या आत जाहिराती.

हे मंदिर, म्हणजे लेणे क्र. 16, मुख्यतः राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकातले. अंदाजे दोन लाख टन दगड काढला, हा आकडा ऐकून छाती दडपते खरी. पण कृष्णाच्या कारकिर्दीची सुमारे 18 वर्षे धरून भागाकार करा: दिवसाला तीस टन. अडीचशे पाथरवट असतील तर माणशी सव्वाशे किलोही नाही. शिवाय सगळे काम एकाच राजाने उरकले असेही नाही, काही भाग नंतरचे आहेत.

तिथे गेलात तर भोवतालच्या उभ्या कड्यांवर छिन्नीचे ओरखडे बघा. मग जैन लेण्यांकडे जा. तिथला 'छोटा कैलास' त्याच धर्तीचा, पण अर्धवट सोडलेला. काम कसे चालायचे ते तिथे जास्त कळते. यानवाल्यांनी ते अर्धवट का टाकले असेल बुवा?

गंमत म्हणजे गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतल्या कर्कराजाच्या बडोदा ताम्रपटात (इ.स. 812) विमानातून जाणारे देव एलापूरचे, म्हणजे वेरूळचे, हे मंदिर पाहून थक्क झाल्याचे वर्णन आहे. लगेच 'बघा, विमान!' म्हणू नका. त्याच मजकुरात ते घडवणारा शिल्पी स्वतःच्याच कामावर चकित झाल्याचेही लिहिले आहे, आणि हे वाक्य माहितीपटवाले वाचून दाखवत नाहीत.