क्रू मीलवरून पायलट आणि केबिन क्रूमध्ये कुरबुरी का होतात? दोघांना एकच जेवण नसतं का?

नसतं, निदान बऱ्याच कंपन्यांत तरी नाही, आणि कुरबुरीचं मूळ तिथेच आहे. कॅप्टन आणि को-पायलटला शक्यतो वेगवेगळे पदार्थ देतात, म्हणजे एकाचं अन्न बाधलं तरी दुसरा विमान उतरवू शकेल. ही भीती काल्पनिक नाही. १९७५ मध्ये जपान एअरलाइन्सच्या एका विमानात हॅम ऑम्लेटमधून १९७ जणांना विषबाधा झाली. पायलटांनी ते खाल्लं नव्हतं म्हणून निभावलं. पण वेगळं जेवण म्हणजे आधी निवडायचा हक्क नव्हे. खरी ठिणगी पडते ती इथे: पायलटांचे ट्रे गरम करून कॉकपिटमध्ये नेऊन द्यायचे केबिन क्रूनं, आणि स्वतः मात्र प्रवाशांचं आटोपल्यावर उरलंसुरलं, गॅलीत (विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात) उभ्या उभ्या, कॉल बेल वाजली की फॉइल तसंच झाकून ठेवत खायचं. त्यात न विचारता कुणी दुसऱ्याचा ट्रे उचलला की भडका उडतो. माझ्या मते हा राग रास्त आहे, कारण थकवा दोघांनाही सारखाच येतो. अर्थात हे कंपनीगणिक बदलतं. काही ठिकाणी सगळ्या क्रूला सारखंच जेवण असतं, तर काही ठिकाणी केबिन क्रू डबा घरून आणतो.