हॉट रोलिंगचं पहिलं मॉडेल? आधी एक्सेल उघडा

तापलेलं स्टील रोलमधून दाबून पातळ करणं म्हणजे हॉट रोलिंग. त्यात स्टीलची आतली रचना कशी बदलते याचं मॉडेल करायचंय? मग फेज-फील्ड आणि सेल्युलर ऑटोमेटा या सिम्युलेशनच्या जड पद्धती सध्या बाजूला ठेवा. चित्रं रंगीत येतात, पाया मात्र कच्चा राहतो. साधं कार्बन-मँगनीज स्टील घ्या आणि शेफील्डच्या सेलर्स व व्हाइटमन यांची १९७९ची समीकरणं एक्सेलमध्ये बसवा. एका ओळीत एक पास, म्हणजे रोलमधून एक फेरी. प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी काढा: पुढच्या पासपर्यंत किती पुनर्स्फटिकीकरण झालं (दाबलेल्या ग्रेनच्या, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिकांच्या, जागी किती नवे आले), नवे ग्रेन केवढे, आणि उरलेल्या वेळात ते किती वाढले.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- घातांकात तापमान सेल्सिअसमध्ये घालणं. ९५० अंश म्हणजे १२२३ केल्विन. माझे यात दोन दिवस गेलेत!
- पायरोमीटरचा (लांबून तापमान मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा अख्ख्या पट्टीचा समजणं. तो फक्त पृष्ठभाग बघतो, आतला भाग जास्त गरम असतो.
- उरलेला स्ट्रेन (दाबल्यामुळे झालेली विकृती) विसरणं. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. समजा पासमध्ये ०.३ स्ट्रेन दिला आणि पुढच्या स्टँडपर्यंत (रोलच्या पुढच्या जोडीपर्यंत) ६० टक्केच पुनर्स्फटिकीकरण झालं. मग साधारण ०.१२ शिल्लक राहतो, तो पुढच्या पासमध्ये मिळवायचा. फिनिशिंगच्या शेवटच्या स्टँडांमध्ये मधला वेळ सेकंदाहूनही कमी असू शकतो, तेव्हा ही शिल्लक साचतच जाते.

नायोबियमचं स्टील इतक्यात नको, त्यात पुनर्स्फटिकीकरणच अडतं. आणि पडताळणीला नुसता शेवटच्या ग्रेनचा फोटो पुरत नाही. मिलवाल्यांकडून प्रत्येक स्टँडचा रोलिंग लोड (रोलवर येणारं बल) मागून घ्या आणि मॉडेलशी ताडून बघा. जमलं की तक्ता इथे टाका, बघू.