फोर्क करण्याआधी एवढं बघ

राग आलाय, कळतंय. मराठी-कन्नड टायपिंगच्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) कीबोर्डवर तीन महिने राबलास आणि वादात सगळं अडकलं. फोर्क कर, म्हणजे त्याच कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प सुरू कर; परवाना तो हक्क देतोच. पण आठवडाभर थांब. खानापूरहून बेळगावला आलास की बसून बोलू.

नवशिके इथं चुकतात:

- जुन्यांच्या कॉपीराइटच्या ओळी पुसतात. त्या आणि परवाना जसाच्या तसा ठेव.
- तेच नाव, तोच लोगो. २०१० मध्ये ओपनऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलेल्यांनी लिबरऑफिस हे नवं नाव घेतलं.
- जुन्या टीमची बदनामी. मला हे सगळ्यात जास्त लागतं. २०१४ मध्ये नोड.जेएसमधून (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) फुटलेलं आयओ.जेएस २०१५ मध्ये परत त्यातच मिसळलं. बोलणंच तुटलं असतं तर?

आणि बग सापडला की दुरुस्ती त्यांनाही पाठव. टायपिंग करणारी माणसं दोन्हीकडं आपलीच आहेत.