45 पौंडी रिकर्व्हसाठी ब्रॉडहेड कोणतं, आणि त्याची धार रबरावर का घसरते

तुमचे प्रश्न दोन आहेत: 45 पौंडी रिकर्व्हवर (ओढायला 45 पौंड जोर लागणारं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मेकॅनिकल ब्रॉडहेड, म्हणजे शिकारी बाणाचं मिटत्या पात्यांचं टोक, चालेल का, आणि घरी लावलेली धार हातावरचे केस उडवते, पण रबरबँडवर घसरते, ती का.

मेकॅनिकल नको. त्याची पाती आदळल्यावर उघडतात आणि उघडायला लागणारा जोर बाणाच्याच जोरातून जातो. तुमच्याकडे तो फाजील नाही. शिवाय 45 हा आकडा बहुधा दोरी 28 इंच ओढल्यावरचा असतो. तुमची ओढ 26 इंच असेल तर बोटांवर चाळीस पौंडांच्या आसपासच येतात. दोन पात्यांचं, एकसंध, अरुंद हेड घ्या. रुंदी इंचभर आणि लांबी तिच्या जवळपास तिप्पट असली, की ते कमी जोरात खोल जातं. काही ठिकाणी किमान रुंदी कायद्याने ठरलेली असते, तेवढी आधी बघा. हेडचं वजन एकदम वाढवू नका. 125 ग्रेनवरून (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) 175 वर गेलात, की बाणाची तीच काडी जास्त लवचीक वागते आणि बाण वाकडा जाऊ लागतो. मग दोष उगाच हेडवर येतो. एकाच बाजूने उतार दिलेलं सिंगल बेव्हल घेणार असाल, तर उताराची दिशा आणि पिसांचा पीळ एकच हवा, उजव्याला उजवा.

आता धारेकडे येतो, खरं दुखणं तिथे आहे. तुमच्या हेडवर बर राहिली आहे. पोलाद घासताना काठावर धातूची एक तारेसारखी किनार उठते. ती केस कापते, म्हणून आपण खूश होतो. जरा जोर पडला की दुमडते.

मी हे महागात शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एकदा बाण फासळ्यांमधून आरपार गेला, तरी रक्ताचे थेंब दीडशे पावलांवर संपले. जनावर सापडलं ते दुसऱ्या सकाळी. हेड धुऊन भिंगाखाली धरलं, तर धार एका अंगाला लवलेली. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. धारदार पातं रक्तवाहिनी साफ कापतं. बोथट पातं ती फाडतं, आणि फाटलेल्या जागी रक्त लवकर गोठतं. त्या जनावराची रात्र माझ्या आळसापायी गेली.

धार लावताना आधी पात्याच्या उतारावर, म्हणजे धारेकडे निमुळत्या होणाऱ्या पट्टीवर, मार्करची शाई फासा. शाई धारेजवळ शिल्लक राहिली तर कोन चपटा पडतोय, धारेपासून लांबच्या कडेला राहिली तर जास्त उभा. दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस अंश पुरे. नेमका आकडा कितीही असो, तो हलता कामा नये. हात थरथरत असेल तर कोन धरणारी जिग घ्या, त्यात कमीपणा नाही. कानस पुढे जातानाच चालवायची, मागे येताना उचलायची. पोलाद इतकं कडक असेल की कानस नुसती घसरते, तर डायमंड प्लेट (हिऱ्याचा चुरा बसवलेली पट्टी) वापरा. एका बाजूने टोकापासून बुडापर्यंत सलग बर लागेपर्यंत घासा. मधेच सोडलंत तर तिथे धार आलेलीच नाही. मग दुसरी बाजू तशीच. त्यानंतर बारीक दगडावर एकेक हात आलटून पालटून, दर खेपेस दाब कमी करत. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून ओढत. बर जाते ती इथे, आणि नेमका हाच भाग लोक कंटाळून सोडतात.

तपासायला रबरबँड डब्यावर सैल बसवा. ताणलेलं रबर बोथट पात्यानेही तुटतं. रक्तवाहिनी ताणून धरायला आत कोणी नसतं.

हे सगळं हेड बाणावर चढवून करा, काडी मुठीसारखी धरता येते. चढवताना मात्र पाना वापरा, बोटं नाहीत. मग बाण नखांवर फिरवून पाहा. टोक डगमगलं तर तो बाण बाजूला. धारेवर व्हॅसलिनचा पातळ हात द्या, दमट हवेत गंज एका रात्रीत धार खातो. भात्यातल्या फोममध्ये हेड सारखं खुपसत-उपसत असाल, तर निघण्याआधी धार रबरबँडवर पुन्हा तपासा.