बीपीची गोळी चालू असेल तर ट्रेकच्या फॉर्ममध्ये लिहायची का?

तुमचं वय ४८, मे महिन्यात हिमाचलमधला सरपास ट्रेक ठरवलाय, बीपीची गोळी चालू आहे. फॉर्ममध्ये लिहिलं तर बेसकॅम्पवरून परत पाठवतात का, आणि तयारी काय करायची, असं विचारलंय तुम्ही. लिहा. न लिहिल्यामुळे परत आलेला माणूस आमच्याच घरात आहे, माझे धाकटे दीर.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे. शेत येळ्ळूरच्या शिवारात. दोन वर्षांपूर्वी गल्लीतले सहाजण मिळून सरपासला निघालो. माझ्या मिस्टरांचा गुडघा दुखतो म्हणून ते मागे राहिले. जानेवारीपासून मी पहाटे राजहंसगड चढायला लागले, पाठीला आठ किलो तांदळाची पिशवी बांधून. भावोजींना रोज बोलावत होते. त्यांचं एकच उत्तर ठरलेलं, "वहिनी, जन्मभर बांधावरनं चालतोय की. आम्हाला कसली तयारी शिकवतासा?" शेतात चालणं वेगळं आणि ओझं घेऊन सलग पाच-सहा तास चढणं वेगळं, हे मी तेव्हाही सांगत होते, आजही सांगते.

फॉर्मसोबत डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. भावोजींनी ते पाच मिनिटांत आणलं. दंडाला पट्टासुद्धा न बांधता सही-शिक्का. फॉर्मवर 'कोणती औषधं चालू आहेत' या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं. गोळी मात्र चार वर्षांपासून चालू होती.

गोवा एक्सप्रेसने निघालो. बेळगावहून निजामुद्दीनला पोचायला दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस. तिथून रात्रभर बस भुंतरपर्यंत, पुढे जीपने कसोल, तिथंच बेसकॅम्प. म्हणजे तीन रात्री धड झोप नाही. त्यात भावोजींनी गाडीत गोळी घेतलीच नाही. पाकीट बर्थखाली साखळीने बांधलेल्या मोठ्या सॅकच्या तळाशी होतं, आणि 'आता फिट आहे असं लिहून दिलंय' असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

कसोलला तंबूत टेबल, त्यावर रजिस्टर. ओळखपत्र, मूळ सर्टिफिकेट, स्वतःच्या जबाबदारीवर येतोय असं सही केलेलं पत्र, हे आधी बघतात. मग बोटाला ऑक्सिजनचं क्लिप, दंडाला पट्टा. भावोजींचा वरचा १६८, खालचा १०४ आला. पंधरा मिनिटं बसवून परत बघितलं, फारसा फरक नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कोई दवाई चल रही है?" भावोजी म्हणाले, "नहीं जी." मी मागच्याच खुर्चीवर. त्यांचा अंगठा शर्टाच्या खालच्या बटणावरून फिरत होता, लहानपणापासूनची सवय आहे असं सासूबाई सांगायच्या. मी उठून सांगितलं, घरी रोज एक गोळी घेतात, तीन दिवस चुकली आहे.

डॉक्टर रागावले नाहीत. गोळी सुरू करायला लावली, पाणी प्यायला सांगितलं, झोपायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सरावाच्या चढाला गेलो, ते तंबूत. संध्याकाळी १५६ आणि ९८. बॅच पुढे निघायची होती, त्यांना बेसकॅम्पच्या वर सोडलं नाही. एकटेच गावी आले. मी ग्रहण, मिनथाच, नगारू हे वाटेतले मुक्काम करत पास, म्हणजे वरची खिंड, ओलांडला. आनंद झाला, पण त्या आनंदात त्यांचा रिकामा तंबू होता, हे खोटं कशाला बोलू?

गावी आल्यापासून गणपती असो, दसरा असो, चारचौघांत एकच वाक्य, "वहिनींनी मला परत पाठवलं." मी नाही पाठवलं. नगारू साडेबारा हजार फुटांच्या आसपास आहे आणि पास तेरा हजार आठशे. नगारूहून पहाटे अंधारात निघावं लागतं, कारण ऊन चढल्यावर बर्फ भुसभुशीत होतो. तिथं छातीत कळ आली असती तर खाली आणायला माणसांच्या पाठीशिवाय दुसरं साधन नाही. उंचीवर गेल्यावर सुरुवातीला बीपी मुळातच थोडं वाढतं. ते आधीच १६८ असलेल्या माणसाला मी गप्प बसून वर जाऊ द्यायला हवं होतं का? दोन वर्षं हाच प्रश्न विचारतेय, घरात कुणी उत्तर देत नाही.

बीपी आहे म्हणून सरसकट परत पाठवतात असं मात्र नाही. आमच्याच बॅचमध्ये बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ होते, गोळी चालू, फॉर्मवर लिहिलेली, रीडिंग १३० च्या आत. ते माझ्या आधी पासवर पोचले.

तयारीचं म्हणाल तर तीन महिने धरा. आठवड्यातून चार दिवस चढ, त्यातले दोन ओझं घेऊन. बेळगावकडचे असाल तर राजहंसगड, रविवारी महिपाळगड. उतारही मुद्दाम करा, गुडघे आणि अंगठ्याची नखं उतरतानाच जातात. बूट निदान दीड महिना आधी घ्या. भावोजींनी निघायच्या आदल्या दिवशी खडेबाजारातून आणले होते आणि सरावाच्या चढाला न जाताही टाच सोललेली. जीन्स चालत नाही. बर्फात गॉगल लागतोच. खायला गोकाकचा करदंट न्या: डिंक, खोबरं, गूळ, सुकामेवा, टिकतो आणि थंडीत चावता येतो. बेळगावचा कुंदा, ही दुधाची मिठाई, नेऊ नका, आमचा दिल्लीतच आंबला.

तुम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून सर्टिफिकेट आणणार असाल तर आयोजकांचाच इंग्रजी नमुना छापून न्या. आमच्यातल्या एकाचा शिक्का आणि मजकूर कन्नडमध्ये होता, तिथं कुणाला वाचता येईना, अर्धा तास गेला.

आणि शक्य असेल तर एक दिवस आधी पोचा, रात्रभर झोपून मगच रिपोर्टिंग करा. मला आजही वाटतं, भावोजी एक रात्र नीट झोपले असते आणि गोळी चुकली नसती तर कदाचित गेलेही असते.

मी डॉक्टर नाही. तुमची गोळी लघवी वाढवणारी असेल तर उंचीवर पाणी कमी पडतं, त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळीही मनाने घेऊ नका, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती त्रासदायक ठरू शकते. आयोजकांप्रमाणे नियमही बदलतात.

गोळीचं नाव, डोस, कधीपासून चालू आहे, सगळं लिहा. आणि पाकीट मोठ्या सॅकमध्ये नको, कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा, दुसरं एक सोबतच्या माणसाकडे द्या.