‘देवाची मान्यता’ की ‘देवाच्या पसंतीस उतरणे’?

गिरगावातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) रविवारच्या संदेशाचे, म्हणजे प्रवचनाचे, इंग्रजीवरून मराठी करणाऱ्या भगिनीने विचारले आहे : “‘ख्रिस्ती माणसाने माणसांची नव्हे, तर देवाची मान्यता मिळवावी’ असे मी लिहिले. मंडळीच्या वडिलांपैकी (ज्येष्ठ पुढाऱ्यांपैकी) एकांना ‘मान्यता’ खटकली, पण कारण सांगता आले नाही. योग्य शब्द कोणता? आणि बायबलमधील गलतीकरांस पत्रातील (१:१०) ‘देवाची मनधरणी’ कशी समजावी?”

त्यांचे खटकणे रास्त आहे. आजच्या मराठीत मान्यता शाळेला शिक्षण खात्याकडून मिळते आणि मंजुरी इमारतीच्या नकाशाला महापालिकेकडून. अर्ज करून, कागदपत्रे जोडून, हेलपाटे घालून ती पदरात पाडून घ्यायची असते, आणि एकदा मिळाली की चौकटीत घालून भिंतीवर टांगता येते. इंग्रजी ‘अप्रूव्हल’मध्ये पसंती आणि परवानगी असे दोन्ही अर्थ आहेत, आपल्या हाती परवानगीची बाजू आली.

प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, याहून चांगला प्रयोग तयार आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:१५) ‘देवाच्या पसंतीस उतरलेला’ कामकरी असे शब्द येतात. तेथील मूळ ग्रीक शब्द ‘दोकिमॉस’, म्हणजे नाणे किंवा धातू पारखल्यावर जसा खरा ठरतो तसा. मराठीत हे काम ‘पसंती’पेक्षाही ‘उतरणे’ या साध्या क्रियापदाने केले आहे : सोने कसाला उतरते, माणूस कसोटीला उतरतो, माल गिऱ्हाइकाच्या पसंतीस उतरतो. ‘मिळवणे’ सकर्मक आहे आणि त्यात सारा खटाटोप माझा असतो. ‘उतरणे’ अकर्मक आहे, आणि त्यात पारखणारा दुसराच कोणी असतो, ज्याच्या हातात मी स्वतःला ठेवलेले असते. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (२:४) देवाला ‘अंतःकरणे पारखणारा’ म्हटले आहे; तेथील ग्रीक क्रियापद ‘दोकिमॉस’च्याच कुळातले आहे. म्हणून ‘देवाची मान्यता मिळवणे’ हे केवळ कानाला कृत्रिम वाटते असे नाही. कर्ता कोण, हेच त्यात उलटते.

याच्या विरुद्ध टोकाला मराठीने दिलेला शब्द तर मला मुळापेक्षाही बोलका वाटतो. कलस्सैकरांस पत्रात (३:२२) दासांना ‘तोंडदेखल्या चाकरीने’ आज्ञा पाळू नका असे सांगितले आहे. ग्रीक शब्दाचा शब्दशः अर्थ ‘डोळ्यांची चाकरी’, म्हणजे धन्याची नजर असेपर्यंतच केलेली. भाषांतरकाराने ‘नेत्रसेवा’ असा काही अवघड समास रचला असता, तर वाचकाला तो नेत्रचिकित्सेचा प्रकार वाटला असता. त्याने ‘तोंडदेखली’ घेतले आणि नजरेची दिशाच फिरवली : ग्रीक शब्दात धनी चाकराकडे पाहतो, मराठीत चाकर धन्याचे तोंड पाहून वागतो. साहेब केबिनबाहेर येताच ज्या कचेरीत सगळ्यांची बोटे एकदम कळफलकावर पडतात, तेथे काम करणाऱ्याला या शब्दाची फोड करून सांगावी लागत नाही.

‘मनधरणी’विषयी थोडक्यात. मूळ क्रियापद ‘मन वळवणे’ या अर्थाचे असल्याने शब्द चुकीचा नाही. पण मराठीत मनधरणी रुसलेल्याची करतात, त्यामुळे देव रुसून बसला आहे असे चित्र उभे राहते. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचे वाक्य प्रश्नार्थक आहे (‘मी मनुष्याची किंवा देवाची मनधरणी करत आहे काय?’) आणि त्याचा रोख, तो माणसांना खूश करू पाहतो, या विरोधकांच्या आरोपावर आहे असे मला वाटते. त्यातून ‘देवाची मनधरणी करावी’ असा उपदेश काढू नये.

त्याच वचनात ‘मनुष्यांना संतोषवणे’ आहे, पण हे क्रियापद सरसकट निषिद्ध मानू नये. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:३३) तोच पौल, तेच ग्रीक क्रियापद वापरून, आपण सर्वांना संतोषवतो असे म्हणतो. मात्र स्वतःच्या हितासाठी नव्हे, तर पुष्कळांच्या तारणासाठी. ‘तोषणे’ आपल्याकडे जुनेच आहे. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ‘येणें वाग्यज्ञें तोषावें’ अशी विनवणी आहे, आणि तेथेही तोषण्याची क्रिया देवाची आहे. भक्ताने केवळ वाग्यज्ञ, म्हणजे शब्दांचा यज्ञ, पुढे ठेवला आहे.

तेव्हा आपले वाक्य असे करता येईल : ‘ख्रिस्ती माणसाने लोकांच्या वाहवेसाठी नव्हे, तर देवाच्या पसंतीस उतरावे म्हणून झटावे.’ संदेशाच्या मथळ्याला एकच शब्द हवा असेल, तर मत्तयाच्या शुभवर्तमानात (२५:२१) धनी विश्वासू दासाला म्हणतो तो ‘शाबास’ घ्यावा. फारसी ‘शाद बाश’ म्हणजे ‘आनंदी राहा’ यापासून तो आला आहे, आणि त्याच वचनाच्या शेवटी धनी दासाला आपल्या सुखात सहभागी व्हायला सांगतो.